हजार वॅटच्या पीसीले कोणता प्लग, कोणती वायर? सल्ला पाह्यजे

कापूसपट्टा:
राम राम मंडळी. आर्वीकडच्या खेड्यातून लिहून राह्यलो. घरूनच थ्रीडी रेंडरिंग करतो, सेकंडहँड पीसी घेतला, एसएमपीएस (पीसीले वीज पुरवणारा डबा) हजार वॅटचा. अमेरिकेतल्या एका व्हिडिओत पाह्यलं का मोठ्या पीसीले २४० ची वेगळी लाइन घेतात, दोन हॉट (करंटवाल्या) वायर लावून. आमच्याकडे जुन्या चक्कीचं थ्री फेज मीटर आहे, वायरमन म्हणे दोन फेज जोडून देतो. कोणता प्लग घेऊ? सध्या कुलरच्याच बोर्डावर सहा अँपियरच्या सॉकेटात आहे, संध्याकाळी प्लगले हात लावला का चटका बसते. अन् कॅबिनेटले हात लागला का मुंग्या येतात.

डीपीवाला:
थांब बे भाऊ!! दोन फेज बिलकुल नको. अमेरिकेत घरी १२० ची लाइन असते म्हणून ते दोन हॉट घेऊन २४० करतात, आपल्याकडे एक फेज अन् न्यूट्रलमध्येच २३० आहे, दोन फेज जोडले तर ४०० च्या वर जाईल अन् एसएमपीएसचा फटाका. तुले पाह्यजे ती लाइन भिंतीत आधीच आहे.

कापूसपट्टा:
बापरे. वायरमन उद्या येणार होता. मग प्लग काऊन तापते?

नागपुरी_मल्टिमीटर:
एसएमपीएस वॅट तेवढेच खेचतो, व्होल्टेज पडलं की करंट वाढवतो. फुल लोडला साधारण ११०० वॅट धरा, २३० ला पावणेपाच अँपियर, पण संध्याकाळी मोटारी सुरू होऊन १७० झालं की साडेसहा. सहाचं सॉकेट, त्यात पत्ती ढिली झालेली, त्याच वायरीवर कुलर, तापणारच. मेन बोर्डापासून नवी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढा, सोळा अँपियरचा पॉवर पॉइंट, सोळाची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), त्यावर फक्त पीसी. एक्स्टेंशन नको. कॉर्डचा प्लगही जाड पिनांचा सोळाचाच घ्या, बारीक पिन मोठ्या सॉकेटात डुगडुगते. आणि मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग लागलेलं नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थ मोजा बरं.

कापूसपट्टा:
४१ व्होल्ट दाखवून राह्यला.

नागपुरी_मल्टिमीटर:
दोन-तीनच्या वर नको. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जायला बघतो, वाट नसली की कॅबिनेटवरच बसतो. मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा.

वऱ्हाडी_काकू:
आमच्याकडे उन्हाळ्यात काळी जमीन फाटली का अर्थिंगच्या खड्ड्याची ओल जाते, मी रोज बादलीभर पाणी टाकते. अन् तीस मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला का लाइन तोडणारा स्विच) लावून घे बाळा, ओला कुलर आहे घरात.

डीपीवाला:
ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर पण घे. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला का सिंगल फेजवाल्या घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येते, आमच्या गल्लीत एका रात्रीत चार टीव्ही गेले.

कापूसपट्टा:
अपडेट. बोर्ड उघडला तर हिरवी वायर टेप गुंडाळून तशीच लोंबत होती, कुठंच जोडलेली नाही! दुसऱ्या वायरमनकडून जोडून घेतली, खड्ड्यात कोळसा-मीठ नवं भरलं, आता न्यूट्रल-अर्थ दीड. अडीचची वायर, सोळाचा पॉइंट झाला. काल तीन तास रेंडर चालवला, प्लग गार. आरसीसीबी मात्र कुलर लावला का पडते.

वऱ्हाडी_काकू:
मंग कुलरचा पंप काढून पाहा आधी, आरसीसीबीले शिव्या नको देऊ.