मॅस्टोडॉनवर फाउंटन पेनवाले लोक कुठे सापडतात?

प्रश्न: मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखं, पण वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क) येऊन महिना झाला, पण पेन आणि शाईवाले कोणीच दिसेनात. सर्च केलं की दोनचार जुन्या पोस्ट. लोकच नाहीत का?

उत्तर: आहेत रे, भरपूर आहेत! ज्यांनी परवानगी दिलीय त्यांच्याच पोस्ट शब्दाने सापडतात, म्हणून हॅशटॅग शोध, आणि २०२२ च्या ४.० व्हर्जनपासून हॅशटॅगच फॉलो करता येतो, मग त्या पोस्ट आपोआप होम फीडमध्ये येतात.

उत्तर: सर्व्हर छोटा आहे का? मग हेच कारण. तिथलं कोणीतरी ज्यांना फॉलो करतं त्यांच्याच पोस्ट बहुतेक तिथे पोचतात. मोठ्या सर्व्हरच्या वेबसाइटवर तोच हॅशटॅग उघडून बघ, आवडली ती माणसं फॉलो कर आणि ते कोणाला फॉलो करतात तेही चाळ, मला सगळ्यात चांगली माणसं अशीच मिळाली.

उत्तर: लेमी (रेडिटसारखं चर्चेचं नेटवर्क) पण बघ. तिथे विषयवार कम्युनिटी असतात, आणि दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्हिटीपबच (सर्व्हरनी एकमेकांशी बोलायची सामायिक पद्धत) असल्यामुळे मॅस्टोडॉनवरूनही फॉलो होतात. आणि स्वतःही टाक ना काहीतरी, लिहिलेल्या पानाचा फोटो, शाईचं नाव, सोबत हॅशटॅग. छोट्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की लोक खरंच आनंदाने बोलतात.

प्रश्नकर्ता: सर्व्हर छोटाच आहे! हॅशटॅग फॉलो केला, आज रात्री पान लिहून फोटो टाकतो.