मदत हवी आहे: शर्यत माउंटन बाइकची, सराव डांबरावर

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीचा. फेब्रुवारीत माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरायचंय. थंडी पडल्यापासून दर रविवारी पहाटे आम्ही चौघे साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढतो. अंजुणे धरणापाशी धुकं इतकं दाट असतं की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसतो, हातमोजे दवाने भिजून जातात. हे रविवार मला काही केल्या सोडायचे नाहीत.

पण बाकी तिघांकडे रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीच्या बारीक टायरच्या सायकली. माझे टायर २.२५ इंची, जाड गुट्ट्यांचे, डांबरावर नुसते घोंगावतात. सपाटीवर त्यांच्या मागे टिकता टिकता हृदयाचे ठोके मिनिटाला १७० वर जातात आणि गप्पा मारता येतील अशा संथ गतीचा सराव राहूनच जातो.

रविवारपुरते गुळगुळीत टायर चढवू का? २९ इंची चाकाला हवा किती ठेवता? माझे ट्यूबलेस आहेत; टायर बदलताना दर आठवड्याला सीलंटची (आतल्या, भोकं बुजवणाऱ्या द्रवाची) उसाभर जमणार नाही. मग चाकांचा दुसरा जोडच घेणं बरं का? आणि सत्तरी तालुक्यात दगडगोट्यांची, चढउताराची मातीची वाट कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.