आठ जणांचं तिकीट आणि परतीची गाडी

विषय: बँड पुन्हा एकत्र, एकाच रात्रीसाठी. कोण कसं जाणार?

सप्रेम नमस्कार मंडळी,
आपल्या आवडत्या बँडची जुनी मंडळी एका रात्रीपुरती पुन्हा एकत्र वाजवणार आहेत. आपल्यातले आठ जण निघतोय. शनिवारी दुपारी पोचायचं, कार्यक्रम ऐकायचा आणि रात्रीच परत फिरायचं, असं ठरतंय. तिकीटविक्री शुक्रवारी सकाळी १० वाजता उघडेल. आठही तिकिटं एकानेच काढावीत का? जाणकारांनी कृपया लिहावं.

---

विषय: उत्तर: बँड पुन्हा एकत्र

ताई, नमस्कार.
तिकिटाच्या आधी परतीचं बघा. जाहिरातीत ७ ची वेळ असेल तर ती बहुतेक दारं उघडण्याची असते. आधी दुसरं कुणीतरी अर्धा-पाऊण तास वाजवतं, मग स्टेजवरचं सामान बदलायला अर्धा तास. मुख्य बँड ९ च्या सुमारास सुरू झाला तर संपायला ११ होणार. सगळे एकदम बाहेर पडतात, जॅकेटं-बॅगा परत घ्यायची रांग वेगळी. तेवढ्यात अर्धा तास सहज जातो. ११:२० ची शेवटची गाडी धरायची असेल तर तुम्ही शेवटची दोन गाणी सोडून पळणार, आणि अशा रात्री लोक ज्या गाण्यासाठी आलेले असतात ते गाणं नेमकं शेवटी ठेवलेलं असतं. रात्रीचा मुक्काम करा, तोही चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

पोचायचंही आदल्या दिवशीच. दौऱ्यातला एक कार्यक्रम हुकला तर पुढच्या गावी जाता येतं. इथे पुढचं गाव नाही. जोडविमान असेल तर दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात घ्या. वेगवेगळी काढलेली असली आणि पहिलं उशिरा पोचलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर नसते. मुक्कामाचं आरक्षण मात्र रद्द करता येईल असंच. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, प्रवासाचे आयोजक देत नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: बँड पुन्हा एकत्र

नमस्कार,
तिकिटांबद्दल. सकाळचे १० म्हणजे कुठले १०, हे आधी पाहा. वेळ सहसा सभागृहाच्या गावच्या घड्याळाची असते.

एकाच खात्यावर आठ तिकिटं मिळतीलच असं नाही, मर्यादा अनेकदा चार किंवा सहाची असते. दोघांनी चार-चार काढा. दोघांनी आदल्या दिवशी लॉगिन करून कार्डाची माहिती भरून ठेवावी आणि कार्यक्रम परदेशात असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे ना हे बँकेकडून पक्कं करावं. बहुतेकांचं घोडं अडतं ते पैसे भरताना: जागा हातात असते, बँकेचा संकेतांक (ओटीपी) जुन्या नंबरवर जातो आणि तोवर वेळ संपते. रांगेचं पान उघडल्यावर रिफ्रेश करू नका, एकाच खात्याने चार खिडक्याही उघडू नका. यंत्रणा तुम्हाला बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं काढणारा प्रोग्राम, समजून बाहेर काढू शकते.

हुकलं तरी लगेच दलालाकडे जाऊ नका. तंत्रज्ञांसाठी राखून ठेवलेल्या जागा स्टेजची मांडणी ठरल्यावर, कधी अगदी आदल्या दिवशी, मूळ किमतीला सुटतात.

तिकिटं मिळाली की ज्याचं त्याच्या फोनवर पाठवून द्या. आठही एकाच फोनवर राहिली तर एकाच्या उशिरामुळे आठ जण दाराबाहेर. काही अॅपमधला बारकोड सारखा बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. गर्दीत नेट बसतं, म्हणून मुक्कामावरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये घालून निघा.

---

विषय: उत्तर: कानांचं काय?

मंडळी, जागा आणि कान, दोन्हीचा विचार करा. उभ्याचं तिकीट असेल तर साऊंडवाल्याच्या टेबलाच्या थोडं पुढे उभे राहा. तो जे ऐकून आवाज जुळवतो, जवळजवळ तेच तुम्हाला ऐकू येईल. स्टेजला चिकटलात तर ड्रम आणि गिटारचे अॅम्प थेट कानावर येतात आणि गायकाचा आवाज डोक्यावरून जातो. मागच्या भिंतीशी बास साचून सगळं गढूळ होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. कामाच्या ठिकाणचा एक प्रचलित हिशेब ८५ डेसिबलला आठ तासांचा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. दोन तासांसाठी इअरप्लग हवेतच. फोमचे बोळे उंच स्वर जास्त दाबतात, त्यामुळे गाण्याचे शब्द बोथट होतात. संगीतासाठी बनवलेले, सगळे स्वर साधारण सारखे कमी करणारे घ्या. फोमचेच असतील तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसते टेकवले तर उपयोग शून्य.

---

विषय: उत्तर: कानांचं काय?

सगळ्यांचे आभार. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी पोचतोय, रविवारी परत. तिकिटं दोघांकडून, चार-चार. पोस्टर घ्यायचं आहे, ते कधी?

---

विषय: उत्तर: कानांचं काय?

ताई, आत शिरल्या शिरल्या घ्या. एका रात्रीसाठी छापलेलं मोजकंच असतं, मधल्या मापाचे टी-शर्ट सर्वांत आधी संपतात. पोस्टर घरी न्यायची पुठ्ठ्याची नळी मुक्कामावर ठेवा, मोठी बॅग किंवा नळी दारावर अडवतात. पोस्टर विकत घेऊन लगेच सामानघरात जमा करा, हातात धरून गर्दीत उभं राहिलं की ते चुरगळतं. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, १०० वॉट-तासांच्या आतली.