अनुभव धागा: व्हिम एडिटरमध्ये शोधा-बदला आणि मॅक्रो (रेकॉर्ड करून परत चालवायच्या कळा) कुठे कुठे फसतात?

पायथन ३.१३ मधून टूटूथ्री (पायथन २ चा कोड ३ मध्ये बदलून देणारं साधन) गेलं, आणि पायथन २ चा जुना कोड पाहिला की बिनकंसाच्या प्रिंटची पलटण (तीनमध्ये कंस लागतातच) परत डोळ्यांसमोर येते. कंस घालायला व्हिममध्ये सगळे आधी हेच मारतात (फोनवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा, रोमन अक्षरं मराठीतच घ्या):

:%एस/^\(\एस*\)प्रिंट \(.*\)$/\१प्रिंट(\२)/

ओळीअखेर # ची टीप असली की बंद कंस टिपेच्या पोटात जातो. 'प्रिंट >>' असेल तरी गडबड. पण दोन्हीकडे पायथन ३ बोंब मारतं, म्हणजे सापडतं तरी. मुकाट फसवणारे दोन: शेवटचा स्वल्पविराम (चालतो, फक्त ओळ तुटायला लागते) आणि नुसता 'प्रिंट' (बदलतच नाही, आणि तीनमध्ये काहीच छापत नाही). तुमचे लिहा.

अर्धविराम:
आधी :जी/प्रिंट\एस*$/ मारून नुसते प्रिंट बघून घ्यायचे. आणि आज्ञेच्या शेवटी सी लावा. दर ठिकाणी विचारतो: वाय हो, एन नको, एल म्हणजे एवढा बदल आणि थांब.

टॅबवाली:
मॅक्रोचं कोणीच बोलेना. स्वतःलाच हाक मारणारा मॅक्रो करताना आधी 'क्यू ए क्यू' करून रजिस्टर ए (मॅक्रो साठवायची जागा) रिकामं करा, नाहीतर रेकॉर्ड करतानाच जुना मॅक्रो धावतो. सुरुवात ० ने. एल एल एल करत मोजू नका, एफ( ने पुढच्या कंसावर उडी मारा. उडी फसली की मॅक्रो आपोआप थांबतो, तोच ब्रेक. पण आत / चा शोध असेल तर आधी :सेट नोरॅपस्कॅन. नाहीतर फाइल संपली की परत वरून, कंसात कंस, कंसात कंस.

कटिंग:
तसं झालं तर थांबवायला कंट्रोल-सी दाबा, मग बदल उलटवायला यू. गॅसवर दूध आहे, नंतर लिहितो.

घाटमाथा:
मॅक्रोत एकच कळ चुकली तर परत रेकॉर्ड कशाला? "एपी ने रिकाम्या ओळीवर उतरवा, सुधारा, ० करून "एवाय$ ने परत रजिस्टरात घ्या. वायवाय (अख्खी ओळ) नको, त्यात ओळीचा शेवटही येतो आणि मॅक्रो दरवेळी एक ओळ खाली सरकतो.

अर्धविराम:
अंडरस्कोर काढून उंटछाप (कॅमलकेस, मधे मोठी अक्षरं) नावं करताना _\(\डब्ल्यू\) च्या जागी \यू\१ टाकतात. \डब्ल्यू मध्ये अक्षरं-आकड्यांबरोबर अंडरस्कोरही येतो, त्यामुळे __इनिट__ चं _इनिट_ होतं. \एल (फक्त छोटं अक्षर) घेतलं तर _इनिट__ आणि वर आय मोठा! मागेही छोटं अक्षर हवं: \एल\@<=_\(\एल\). ते मागचं अक्षर कंसात पकडू नका, मधला तुकडा एकाच अक्षराचा असला तर पुढचा अंडरस्कोर तसाच राहतो.

टॅबवाली:
उंटछाप 😂

कटिंग:
दूध वाचलं. शोधताना ओळ तोडायची खूण \एन, पण बदलाच्या जागी \आर. तिथे \एन टाकलं की ^@ उगवतात.

घाटमाथा:
ग्रेप (मजकूर शोधायची आज्ञा) हे नाव जुन्या ईडी एडिटरच्या जी/आरई/पी या आज्ञेवरून आलंय, माहितीये ना?

टॅबवाली:
नाशिककरांना द्राक्षच वाटणार.

कटिंग:
बाहेर पडायला दोनदा क्यू दाबला तर खाली 'रेकॉर्डिंग @क्यू' आलंय.

अर्धविराम:
अजून एकदा क्यू.