वर्षाचा कचरा एका बरणीत? कोल्हापुरातल्या आमच्या सोसायटी ग्रुपवर काल रात्री पेटलेली चर्चा

अनघा (सी-४०१): सगळ्यांना नमस्कार 🙏 परदेशात काही लोक वर्षभराचा कचरा एका काचेच्या बरणीत मावेल एवढाच करतात. प्लास्टिक नाही, गाडी नाही, काहीजण तर फ्रीजसुद्धा वापरत नाहीत. आपण सोसायटीत महिनाभर तरी ट्राय करूया का?

निखिल (बी-२०३): २०१९ च्या महापुरात केलाय की ट्राय 😄 शिरोलीला हायवे बंद, पेट्रोल न्हाय, भाजी न्हाय, नळाला पाणी न्हाय, लई पर्यावरणपूरक झालो होतो सगळे

देसाई काका (ए-३०१): फ्रीज बंद केला तर माझं इन्सुलिन कुठं ठेवू, बरणीत का?

जितू (बी-१०४): मटणाचं काय ते आधी सांगा

अनघा: जितूदादा, शेळ्यामेंढ्यांच्या ढेकरेतून मिथेन जातो हवेत, म्हणून कमी खा म्हणतात. निदान काळी पिशवी तरी नको, स्टीलचा डबा घेऊन जा

जितू: डबा नेतो. पण रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला हात लावला तर ग्रुप सोडणार

निखिल: आणि आपणच का ओ? भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४ च्या आसपास. त्यांनी आधी बरण्या भराव्यात

अनघा: अरे त्या २ टनाच्या सरासरीत उसाच्या फडात राबणारी बाई पण आली आणि दोन एसी, एक मोठी गाडी, वर्षाला विमानप्रवास करणारे आपल्या पार्किंगमधले लोक पण आले. तिच्या मागं लपू नको

सुलभा काकू (ए-१०२): मी मगापासून वाचतेय, आता लिहिते. अनघा बाळ, हे जमतं का असं विचारलंस तर जमतं, आमच्या घरात जमलेलंच होतं की. राखेनं भांडी, रिठ्यानं केस, अंघोळीला बंब, दूध कासंडीतनं, लुगडं विरलं की गोधडी आणि गोधडी विरली की पायपुसणं, कचरा म्हणून टाकायला काही उरायचंच नाही. पण ते सगळं करायची कोण तर माझी सासू, पहाटे चुलीपुढं बसायची ती रात्री भांडी घासूनच उठायची, धुरानं खोकला लागला तो शेवटपर्यंत गेला नाही, आणि सासरे ओसरीवर पान खात आमच्याकडं काही वाया जात नाही म्हणून सांगायचे. गॅस आला त्या दिवशी ती शेगडीला हळदकुंकू लावून रडली होती. म्हणून मला हे बरणीचं कौतुक ऐकलं की पहिलं मनात येतं, घासतंय कोण? तू ऑफिस करून बाळाचे सुती लंगोट धुणार, पनीर घरी करणार, भाजीला पिशव्या घेऊन कपिलतीर्थ मंडईला जाणार, आणि नवरा फोटो टाकणार. किंवा मग सगळं कामवाल्या मावशींवर.

अनघा: काकू 😶 लंगोटाचं खरंय, दोन आठवड्यांत सोडलं

पाटील (सचिव): प्रत्येकानं घरात तप करण्यापेक्षा एकदाच बसवून मोकळं होऊ असं काहीतरी बघा. गच्चीवर सोलर घालूया, लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरला केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे सोसायटीला. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, १० किलोवॅट टाकलं तर महिन्याला १,२०० युनिटच्या आसपास, लिफ्ट-पंपाचं बिल बरंच उतरंल. शिवाय पाण्याच्या टाक्या ओव्हरफ्लो होतात ते बंद करा, काळम्मावाडी धरणाचं पाणी पंपानं उपसून पाईपलाईननं येतंय, नुसतं पाणी वाया जात नाही, वीज पण जाते.

निखिल: हे पटलं. आणि ओला कचरा? कसबा बावड्याला झूमच्या कचरा डेपोवर जाऊन ढिगात दबतो, हवा लागत न्हाय म्हणून मिथेन सुटतो. हितंच खत केलं तर बागेला तरी होईल

पाटील (सचिव): खताच्या टाक्या आहेत मागं, रिकाम्या. मागच्या वेळी हलवायचं काम वॉचमनवर ढकललं, त्याच्या पगारात ते नव्हतं, त्यानं सोडलं आणि वास सुटला म्हणून सगळे मलाच बोलले

देसाई काका: मग कंपनीला पैसे देऊन माणूस ठेवा

सुलभा काकू: एकेकानं आठवड्यातनं एकदा फावडं मारलं तर माणूस कशाला? पाळी लावा. आणि पहिल्या यादीत पुरुषांचीच नावं टाका.

अनघा: 👏👏

निखिल: मी मंगळवार

पाटील (सचिव): मी शनिवार. सोलरचे कोटेशन मीटिंगला घेऊन येतो, गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनी आधीच भांडून घ्या

देसाई काका: गुरुवार मला द्या, गुडघा बरा असला तर. जितूला रविवार, मटणाच्या आधी.

जितू: आधी न्हाय, नंतर