मदत हवी आहे: कालव्यावरच्या बोटीत चार रात्री, सहा माणसं. खायचं काय न्यावं?

काठपदर

नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही सहा जण ब्रिटनमधल्या लॅन्गॉलेन कालव्यावर नॅरोबोट (राहण्याची सोय असलेली लांबट, अरुंद बोट) घेऊन जाणार आहोत. आम्ही दोघं, मुलगा (९), मुलगी (५) आणि सांगलीहून येणारे माझे आई-बाबा. एल्समीअरला बोट ताब्यात घ्यायची, चर्कवरून लॅन्गॉलेनपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. बोट नवऱ्याने ठरवली, त्यामुळे जेवणाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

पत्रकात लिहिलंय की चार बर्नरची गॅसची शेगडी, ग्रिल, छोटा ओव्हन आणि कमरेएवढा फ्रिज आहे. फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा टीचभर. मायक्रोवेव्हही आहे, पण पुढे बारीक अक्षरात ‘इंजिन चालू असताना’. ओट्याचा फोटो पाहिला. पोळपाट ठेवला तर परात मांडीवर घ्यावी लागेल.

आई अंडंही खात नाही आणि दोन्ही एकादशा करते. एक नेमकी या मुक्कामात येतेय. बाबांना मधुमेह आहे, त्यांना वेळेवर जेवण आणि भाकरी लागते. मुलगी दहीभातावर राहील. नवऱ्याचं म्हणणं, ‘रोज पबमध्ये खाऊ, कशाला त्रास?’

घरून काय करून न्यावं, तिथे काय शिजवावं आणि वाटेत काय मिळतं? कोणी बोटीवर प्रत्यक्ष स्वयंपाक केला असेल तर कृपया सांगा. हॉटेलांची यादी नको.

अण्णा_चेशायरवाले

ताई, आधी पाण्याचं बघा, मग पदार्थांचं. बोटीत टाकी असते. त्यातच सहा जणांच्या आंघोळी, भांडी आणि तांदूळ धुणं. टाकी काठावरच्या नळावर भरायची. नळाची धार बारीक असली तर तास सहज जातो. रोज भरायची सवय ठेवा आणि तो तासच स्वयंपाकाचा धरा. बोट उभी असते, माणसं मोकळी असतात आणि पाण्याची काटकसर करावी लागत नाही. डाळ-तांदूळ तेव्हाच धुऊन घ्यायचे.

दुसरं म्हणजे सिंकचं पाणी थेट कालव्यात जातं. संडासाची टाकी वेगळी असते, पण भांड्यांचं पाणी बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर पडतं. आणि हा कालवा नुसता सहलीचा नाही. लॅन्गॉलेनच्या वर हॉर्सशू फॉल्सपाशी डी नदीचं पाणी यात घेतात आणि ते पार हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत पिण्यासाठी जातं. म्हणून तेल, तर्री, खरकटं सिंकमध्ये ओतायचं नाही. कढई आधी कागदाने पुसून घ्या, कागद कचऱ्यात. तळण तर करूच नका. शेजारच्या बोटीने हलका धक्का दिला तरी कढईतलं तेल हिंदकळतं.

चालत्या बोटीत चहा करायला हरकत नाही, किटली अर्धीच भरा. पण लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा, दारं असलेला कप्पा) शिरायच्या आधी शेगडी बंद, हा आमच्या घरचा नियम. तुमच्या वाटेवर न्यू मार्टनचे दोनच लॉक आहेत, म्हणजे फार जाच नाही. पाँटकसिल्टेच्या जलसेतूवर मात्र कोणालाही ओट्याशी उभं करू नका. कालवाच नदीपलीकडे नेणारा १८०५ सालचा पूल, ३०७ मीटर लांब, खाली डी नदी ३८ मीटरवर. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीचा काठ पाण्याच्या जेमतेम वर, त्यापलीकडे काही नाही. आईंना तो बघू द्या. लहानगीला मात्र आत बसवा, खिडकीतून सगळं दिसतं. त्याआधी चर्कचा बोगदा लागतो, ४२१ मीटर, आत अंधार. तिथेही हातात गरम काही नको.

त्या पुलानंतर ट्रेव्हरपासून लॅन्गॉलेनपर्यंत कालवा इतका अरुंद आहे की काही ठिकाणी समोरून बोट येत नाही ना, हे पाहायला एकाला पुढे चालत पाठवावं लागतं. त्या टप्प्यात जेवणाची वेळ आणू नका. बाबांचं आधी उरकून घ्या.

टमटम

नवऱ्याला पुढे चालत पाठवा. पबही शोधून येईल.

सोलापुरी_चादर

बाबांच्या भाकरीवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कडक भाकरी. आमच्याकडे ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पातळ भाकऱ्या करून पूर्ण वाळवतात, पापडासारख्या मोडतात. फ्रिज लागत नाही, ओल लागली नाही तर आठवडेच्या आठवडे राहतात. आई-बाबा येताना सांगलीहूनच घेऊन येऊ देत. स्टीलच्या डब्यात, उभ्या रचून. सोबत शेंगादाण्याची चटणी. आमटीत किंवा पातळ पिठल्यात कुस्करली की मऊ होते, बाबांच्या दातांचा प्रश्न असला तरी चालेल. दोन-तीन चुरा होणारच, तो दह्यात घालून मुलं खातात.

येताना खवा, पेढे, तूप मात्र आणू देऊ नका. भारतातून दूध किंवा मांसाचे पदार्थ सामानातून आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. तूप इथेच घ्या.

काठपदर

अण्णा, सिंकचं पाणी थेट बाहेर जातं हे डोक्यातच आलं नसतं. धन्यवाद. सोलापुरी, बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले ‘आता कशी बोट आवडायला लागली!’

आता फोडणीचं. कंपनीच्या माहितीपत्रात धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मबद्दल दोन पानं आहेत. मोहरी तडतडली की अलार्म वाजणार का? आणि प्रेशर कुकर न्यावा का?

मीठ_चवीपुरतं

वाजतो. जागा आगगाडीच्या डब्याएवढी, रुंदी जेमतेम दोन मीटर, तेल जरा जास्त तापलं की ठणाणा सुरू. छपरावरच्या झडपा आणि खालच्या जाळ्या वाऱ्याला अडवायला म्हणून काही जण कापड कोंबून बंद करतात. ते अजिबात करू नका, त्या गॅससाठीच असतात. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून ऊब घेणंही नाही.

मी फोडणी घरून नेते. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता चांगला कुरकुरीत होऊ द्यायचा, गार करून बरणीत भरायचं, बरणी फ्रिजमध्ये. लसूण त्यात घालायचा नाही. लसणाचं तेल साठवणं धोक्याचं असतं, लसूण हवा तर कोरडी चटणी न्या. शिजलेल्या वरणात चमचाभर फोडणी ढवळली की झालं. तोच चमचा दडप्या पोह्यांवर. दडपे पोहे बोटीसाठीच जन्माला आलेत असं माझं मत आहे. पातळ पोहे, कांदा, काकडी, टोमॅटो, ओलं खोबरं, लिंबू. गॅस नाही, भांडं एकच, आणि झाकून ठेवले की वीस मिनिटांत मऊ.

रवा तुपावर भाजून, फोडणी आणि मीठ-साखर घालून कोरडा उपमाही पिशवीत भरून न्या, तिथे फक्त उकळतं पाणी. पहिल्या दिवसासाठी दशम्या. दुधात भिजवलेली कणीक, दुसऱ्या दिवशीही पोळीसारखी वातड होत नाही. भाजणी न्या, पण थालीपीठ एकाच संध्याकाळी, हौस म्हणून. एकेक लावत बसलात तर सहा जणांना तासभर लागेल.

अण्णा_चेशायरवाले

कुकर नकोच म्हणेन. जागा खातो, वाफेने खिडक्यांवर पाणी धरतं.

मीठ_चवीपुरतं

अण्णा, इथे मी तुमच्या विरुद्ध. तीन लिटरचा कुकर बोटीतलं सगळ्यात कामाचं भांडं आहे. झाकण घट्ट असल्यामुळे डाळ सांडत नाही, गॅस आणि पाणी दोन्ही कमी लागतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ पाऊण तास शिजवलीत तर वाफ जास्तच होईल. फक्त शिट्टी काढायची वेळ बघा. संध्याकाळी काठाला ओळीने बोटी बांधलेल्या असतात आणि शिट्टी ऐकून लोक डोकं बाहेर काढतात.

तवा, चिमटा, सांडशी आणि मिसळणाचा डबा घरचाच न्या. बोटीतली पॅन पातळ असतात, खाली लागतं.

सुधामावशी

एकादशीला साबुदाण्याचा हट्ट नको. भिजत घालायला भांडं अडतं, आणि पातळ पॅनमध्ये खिचडीचा गोळा होतो. भगर करा. धुऊन टाकली की पंधरा मिनिटांत होते. दाण्याचं कूट घरून न्यायचं, त्याचीच आमटी, आमसूल घालून. राजगिऱ्याचे लाडू, केळी, दही बरोबर. उपासाचं मीठ-मिरची वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर आई मिसळणाच्या डब्यातलं चालणार नाही म्हणतील. माझ्यासारख्या असतील तर नक्कीच.

बाबा त्या दिवशी उपास करत नसतील तर त्यांना भगर वाढू नका. एकट्यासाठी कडक भाकरी-पिठलं पुरेसं आहे. गोळ्या घेत असतील तर साखरेची पुडी सुकाणूपाशी ठेवा. बोट भर कालव्यात असताना आत शोधत बसणं नको.

मुक्कामपोस्ट

वाटेत काय मिळतं याचं कोणी सांगितलं नाही म्हणून. एल्समीअरला टेस्को सुपरमार्केट कालव्याच्या अगदी काठावर आहे, तिथेच दूध, दही, भाज्या, ब्रेड घ्या. घरून भाज्यांच्या पिशव्या वाहून नेऊ नका. लॅन्गॉलेन गाव आहे, मध्यावर पुन्हा भरणा होईल. मधे फारसा भरवसा नाही. ताशी ४ मैलांच्या वर बोट न्यायची नाही, आणि बांधलेल्या बोटींजवळून तर त्याहून हळू. गाडीने दहा मिनिटांचं दुकान बोटीने अर्धा दिवस लांब असतं.

नवऱ्याचंही अगदी चूक नाही. एक रात्र पबला द्या. शाकाहारी म्हणून भाजलेला बटाटा आणि चीज हमखास मिळतं. फक्त पबचं स्वयंपाकघर दारूच्या आधी बंद होतं, रात्री नऊच्या सुमारास. जुलैत उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे बोट चालवण्याच्या नादात वेळ कळत नाही.

काठपदर

ठरलं. पहिल्या संध्याकाळी दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी, दोन्ही घरून. नंतर एक दिवस मुगाची खिचडी, एक दिवस पिठलं-भाकरी, एकादशीला भगर आणि आमच्यासाठी पास्ता, लॅन्गॉलेनच्या रात्री पब. सकाळी उपमा नाहीतर दडपे पोहे. कुकर नेतेय, अण्णा रागावू नका. शेवटच्या दिवशी सकाळी नऊला बोट रिकामी करून द्यायची आहे, तेव्हा काय?

अण्णा_चेशायरवाले

रागावलो नाही, शिट्टी ऐकू आली तर जेवायला येईन. शेवटच्या सकाळी गॅस लावूच नका. आदल्या रात्री भांडी धुऊन, फ्रिज रिकामा करून झोपा. सकाळी ब्रेड, केळी, उरलेली चटणी आणि थर्मासमध्ये रात्रीच भरलेलं गरम पाणी. बाबांची भाकरी तेवढी वरच्या पिशवीत ठेवा.