मदत हवी आहे: ऑप्टिमिस्टचं सुकाणू नीट बसत नाही

मुलीसाठी जुनी ऑप्टिमिस्ट (२.३६ मीटरची छोटी शिडाची होडी) घेतली. मागच्या फळीवर एकाखाली एक दोन कड्या आहेत, ज्यांना गजन म्हणतात, आणि सुकाणूवर दोन खिळ्या, म्हणजे पिंटल. दाराच्या बिजागरीसारखंच काम: खिळ्या वरून कड्यांत उतरवायच्या. ऐकायला सोपं, लाटांवर हलत्या होडीत मात्र हात थरथरतात!

माझ्या सुकाणूच्या दोन्ही खिळ्या सारख्याच लांबीच्या आहेत, त्यामुळे दोन्ही एकदम जुळवाव्या लागतात. ओळखीच्या एका होडीत खालची लांब होती; ती आधी अडकते, मग वरची आपोआप सापडते. मी वरचीच थोडी कापली तर चालेल का? की पकड कमी होईल?

दुसरं म्हणजे, सुकाणू वर उचललं जाऊ नये म्हणून असते ती स्प्रिंगची पट्टी गायब आहे. होडी उलटली की लाकडी सुकाणू निसटून तरंगत जाणार, हे नक्की. तोवर दोरीने बांधून ठेवलंय.

आणि कडीत खिळी खडखडते. नायलॉनचा वॉशर घालू की कडीच बदलू? स्क्रू काढले तर भोकांतून पाणी झिरपेल, याचीच जास्त धास्ती आहे. कुणी केलंय का हे काम? फोटो टाकतो.